वृषभचं गोठवलेलं कार्ड

निळा ठिपका. ज्वारीच्या दाण्याएवढा, मोबाइलच्या काचेवर, कार्डाच्या चित्राच्या उजव्या कोपऱ्यात... काचेवर पिठाचा अंगठा उमटलेला, आणि त्या पिठाच्या रेघांतून तो दिसत होता — लुकलुकत नाही, हलत नाही, नुसता असतो. हिरवा असता तर कार्ड चालू. राखाडी असता तर अजून चालू व्हायचंय. काळा झाला की संपलं. निळा म्हणजे गोठवलेलं... तव्यावरची भाकरी एका बाजूनं करपायला लागली तेव्हा कुठं आदितीला कळलं की आपण एका हातानं भाकरी भाजतोय आणि दुसऱ्या हातानं दिराचं कार्ड बघतोय.

"काय गं, ध्यान भाकरीत हाय का मोबाइलात?" अक्काताई, तिच्या सासूबाई, मेथी निवडता निवडता म्हणाल्या.

"भाकरीतच की अत्ती," असं म्हणून तिनं भाकरी उलटली आणि मोबाइल पदरानं पुसला.

पण ध्यान कुठलं भाकरीत! मघाशी जैन बस्तीतून, देवळातून, दर्शन घेऊन आलेले सासरे, तवनाप्पा, दारात चप्पल काढता काढता, तिच्याकडं न बघता म्हणाले होते, "आदिती, ते वृषभचं कार्ड हाय न्हवं अजून?" वृषभ! धाकटा मुलगा घर सोडून गेला त्या दिवसापासून हे नाव मामांच्या तोंडून निघालं नव्हतं — सासऱ्यांना ती मामा म्हणायची — आणि आज निघालं तर असं, लाइटचं बिल भरलं का म्हणून विचारावं तसं.

"आहे मामा."

"मुदत सरत आलीय म्हणून मेसेज आलाय. कशाला ठेवलंय? बंद करून टाक. आज, दिवस मावळायच्या आत."

"हो मामा," ती म्हणाली, कारण या घरात मामांना पहिलं उत्तर हेच द्यायचं असतं. दुसरं काही सुचलंच तर ते आपलं आपल्यापाशी ठेवायचं.

आता मामांना कुणी समजवायचं, की गोठवलेलं कार्ड आणि बंद केलेलं कार्ड यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो? दोन्ही चालत नाहीत, हे खरं. पण गोठवलेल्या कार्डावर कुणी खर्च करायला गेलं तर ते 'नाही' म्हणतं आणि 'नाही' म्हटल्याचं आपल्याला कळवतं. बंद केलेलं काहीच कळवत नाही, त्याचा नंबरच पुसला जातो. आणि वृषभचं कार्ड आठवड्यातल्या बहुतेक संध्याकाळी 'नाही' म्हणत होतं. डबा पोचवणाऱ्या कुठल्याशा ॲपचं नाव, वेळ, आणि पुढं — नाकारले, कार्ड गोठवलेले. गाव नाही, पत्ता नाही. त्याचा जुना फोन बंद, मित्रांना विचारून झालं, पाहुण्यांत विचारून झालं. गेल्यावर चार-दोन दिवसांनी आईला एक मेसेज आला होता — मी बरा आहे, शोधू नका — आणि मग काही नाही. वृषभ या जगात कुठं तरी आहे, संध्याकाळी त्याला भूक लागते, याची खूण म्हणून या घरापाशी एवढं एकच उरलं होतं. ते आज काळं करायचं. माझ्या हातानं... दिवस मावळायच्या आत.

तिनं डबे भरले, गाडी काढली. राजारामपुरीच्या सहाव्या गल्लीत त्यांचं दुकान — पंप, मोटारी, ठिबकचं सामान — आणि वर माडीवर आदितीची खोली, जिथं हिशेबाचं सगळं चालायचं. नवरा, आदर्श, माल आणायला सांगलीला गेला होता. बरंच झालं. आज कुणाशी बोलायला नको होतं, आज बघायचं होतं. कॉम्प्युटरवर सगळी कार्डं ओळीनं मांडलेली दिसतात... फिटर लोक गावोगाव मोटारी बसवायला, दुरुस्त करायला जातात, त्यांच्या डिझेलला, टोलला, जेवणाला आधी रोख द्यावी लागायची, आता प्रत्येकाच्या मोबाइलवर एकेक कार्ड. हातात धरता येत नाही, खिशातून काढून दाखवता येत नाही. नुसता नंबर आणि एक ठिपका.

हे सगळं आणलं होतं वृषभनंच. ह्याच खुर्चीवर तिला बसवून, मागं उभा राहून, चहाचा कप तिच्या डोक्यावरून फिरवत — "सांडेल की भावजी!" — "न्हाय सांडत, तुम्ही इकडं बघा वहिनी. हे बघा, जन्मलं! राखाडी हाय न्हवं? डोळं उघडलं न्हाईत अजून. फिटरनं आपल्या मोबाइलवर कोड घातला की उघडतंय. झालं हिरवं."

"आणि मेलं कधी म्हणायचं?"

"घ्या! तुमचं पहिलं ध्यान तिकडंच!" तो इतका हसला की कप खरंच सांडला. मग पुसता पुसता त्यानं सगळं सांगितलं होतं. गोठवलं म्हणजे झोपवलं, झोपवलेलं आपल्याला उठवता येतं. कुणी चुकीचा कोड फार वेळा घातला तर कार्ड नारिंगी होतं, म्हणजे कंपनीनंच अडवलं, ते कंपनीनंच सोडायचं. मुदत संपली म्हणजे वय झालं. "आणि बंद म्हणजे बंद, वहिनी. त्यातनं कुणी परत येत न्हाय."

तिला ते भारी आवडलं होतं. खोटं कशाला बोला, कार्डापेक्षा त्याच्या अवस्थांचीच तिला गोडी लागली. शरीर नाही आणि अवस्था आहेत! माहेरी, जयसिंगपूरला, लहानपणी पाठशाळेत पंडितजी शिकवायचे — द्रव्य तेच राहतं, पर्याय, म्हणजे अवस्था, बदलतो. कडं मोडून हार केला तरी सोनं तेच. तेव्हा मान डोलवली होती, कळलं काहीच नव्हतं. कळलं ते इथं, ह्या खुर्चीवर: नंबर तोच, राखाडीचं हिरवं, हिरव्याचं निळं. पण मग काळं? काळ्यात नंबरच जातो. म्हणजे सोनंच जातं की... असं कसं होईल? पंडितजींना विचारायला हवं होतं. ते म्हणाले असते, आदिती, तू आधी जेवून घे.

मोबाइल वाजला. पन्हाळ्याच्या पायथ्याला मोटार बसवायला गेलेले गुंडूतात्या, दुकानातले सगळ्यांत जुने फिटर. त्यांना फोनची गरजच काय म्हणा, खिडकी उघडली असती तरी आवाज पोचला असता.

"वैनी! कार्ड गेलं की ओ!"

"कुठं गेलं तात्या?"

"आता मला काय ठावं! पंपावर डिझेल घाटलंय, आन हे न्हाय म्हणतंय. मागनं पावणं हॉर्न मारून मारून बेजार करायल्यात."

तिनं बघितलं. नारिंगी. "कोड चुकीचा घातलाय तुम्ही. सारखा सारखा."

"चुकीचा न्हाय ओ. नातीची जन्मतारीख हाय. फकस्त शाळेतली घाटल्याली का खरी, त्येच ध्यानात न्हाय. मास्तरनं एक जून लिवलीय, पोरगी जन्मली दिवाळीत. दिवाळीतली घालून बघितली, उलटीपालटी करून बी बघितली."

ती हसत सुटली. कितीतरी वेळानं अशी हसली. मग कंपनीला फोन लावला, त्यांच्या प्रश्नांना उत्तरं दिली, आणि बघता बघता नारिंगीचं हिरवं झालं. पंपावरून तात्या ओरडले, "झालं, झालं! शाळंतली निघाली!" आणि ठेवायच्या आधी, एकदम आवाज खाली घेऊन, तात्यांना असा आवाज आहे हेच तिला ठाऊक नव्हतं, म्हणाले, "धाकल्या मालकाचं काय कळलं का ओ?"

"नाही तात्या."

"लई गुणाचं प्वार. माज्यासंगं गाडीवर असलं की आदी मला जेवाय घालायचं, मग हात धुवायचं."

नाही, म्हणाले मी. आणि समोर त्याचा निळा ठिपका.

गुणाचं पोर... पण त्या गुणाच्या पोराचं आणि त्याच्या वडिलांचं बिनसलं ते जेवणावरूनच. वैशाखात, उसाला पाणी हवं आणि मोटारी पटापट जळतायत, अशा दिवसांत वृषभ पहाटे जायचा तो दिवे लागल्यावर परत यायचा. घरात तर दिवस मावळल्यावर पाण्याचा घोटसुद्धा कुणी घेत नाही. मामांच्या वडिलांपासूनचा नियम. मग अत्ती त्याला स्वयंपाकघरात, दार ओढून, ताट वाढायच्या. आदितीला ठाऊक होतं, आदर्शला ठाऊक होतं, कुणी बोलत नव्हतं. एक दिवस मामा औषधाची बाटली शोधत आत आले. तो पहिला घास हातात घेऊन बसलेला... मामा त्याला काहीच म्हणाले नाहीत. अत्तींना म्हणाले, "ताट उचल. या घरात दिवा लागल्यावर ताट वाढत न्हाईत." अत्ती हलेनात. तर स्वतः वाकून त्यांनी ताट उचललं.

"दिवसभर तुमच्याच दुकानासाठी उन्हात मरतोय मी," वृषभ म्हणाला.

"दुकानासाठी नेम मोड म्हणून मी सांगितलंय?"

हातातला घास त्यानं कुठं ठेवला? हे आदितीला पुष्कळदा आठवून बघावंसं वाटलं. खाल्ला नाही, ते नक्की. ताट तर उचललेलं. मग ठेवला कुठं... आणि तो उठला, मोरीत हात धुतले, गाडी काढली. दुसऱ्या दिवशी मामा तिला म्हणाले, त्याचं कार्ड थांबव. तिनं निळं केलं. काळं का नाही केलं? विचार करून काही नाही केलं. झोपवलेलं उठवता येतं, एवढंच कानात होतं.

आणि मग दोन-तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी, ती गच्चीवरचे कपडे काढत होती, पहिला मेसेज आला. नाकारले. तिच्या हातातली चादर खालच्या गल्लीत जाऊन पडली. आहेत! भावजी आहेत! कुठं तरी बसून डबा मागवतायत! तिनं आदर्शला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, ॲप आपलं आपणच आधी पहिलं कार्ड लावून बघतं. नाही लागलं की दुसरं घेतं. त्याला पत्ताही नसेल." असेलही. म्हणजे कडी तो वाजवतोय की वाऱ्यानं वाजतेय, ते सांगता येत नाही. पण असं रोज संध्याकाळीच सुटणारं वारं कुठलं? ते कार्ड त्याला काढून टाकता आलं नसतं का, इतका हुशार माणूस! अत्तींना तिनं सांगितलं नाही. अत्तींच्या तोंडात तीळ भिजत नाही, लगेच मामांना कळलं असतं आणि कार्ड काळं झालं असतं. हे एक कारण. दुसरं असं की तिला ते आपलं एकटीचं ठेवावंसं वाटत होतं. संध्याकाळ झाली की ती लगबगीनं मोबाइल घेऊन गच्चीत जायची... आज येईल का? किती वाजता? कालच्या आधी की नंतर?

वेळांचं तर विचारूच नका. पावसाळ्यात मेसेज उशिरा यायचे, मग हळूहळू सरकत अलीकडं आले. नोकरीची वेळ बदलली असेल, असं तिनं धरलं. मग धरलं, रात्रपाळी असेल, कामावर जाण्याआधी जेवत असेल. मग एखादी खानावळ, जिचा मालक लवकर बंद करतो. मग... तिला हसू यायचं स्वतःचंच, मी काय पोलिसात आहे? आज पुन्हा ते सगळे मेसेज काढून बसली, काळं करायच्या आधी एकदा बघून घेऊ म्हणून. आणि पाणी प्यायला उठली तर भिंतीवरची दिनदर्शिका समोर आली, समाजाची, जिच्यात तिथीखाली बारीक अक्षरात सूर्योदय-सूर्यास्त देतात. इतकी वर्षं रोज बघते. मामा विचारतात म्हणून बघते. पाणी तसंच राहिलं. तिनं पानं मागं उलटली. श्रावण. भाद्रपद. दसरा. मग मेसेज बघितले, मग पुन्हा पानं...

दर वेळी सूर्यास्ताच्या आधी. प्रत्येक वेळी. सूर्यास्त सरकला तसा तो सरकला.

अगं बाई! ती खुर्चीवर बसली ती बसलीच. ज्या नियमावरून ताट उचललं गेलं, ज्याच्यासाठी घर सोडलं, तोच नियम हा माणूस तिकडं पाळतोय? कोण बघतंय तिथं त्याला? कोण विचारतंय? सवय असेल, पोट ठरल्या वेळी मागतं. की हट्ट? बघा, नेम मला तुमच्यापेक्षा जास्त पाळता येतो, असा? की घराची आठवण... आणि हो, डबा यायला वेळ लागतो, तेवढा धरूनही फारच आधी मागवतो. म्हणजे तिकडं दिवस लवकर मावळत असेल, म्हणजे पूर्वेला कुठं तरी! तिनं डोळ्यांपुढं नकाशा आणला, बोट सोलापूरवरून पुढं पुढं सरकवलं. कुठं थांबायचं, कळेना. तिला इतका आनंद झाला होता की कुणाला तरी हाक मारून सांगावं, आणि हाक मारायला कुणी नव्हतं.

मग तिनं त्याचं कार्ड उघडलं. खाली बटणं होती. पुन्हा सुरू करा. कायमचे बंद करा. आणि मधे बारीक ओळ — गोठवलेल्या कार्डाची मुदत वाढवता येत नाही. म्हणजे आहे तसं ठेवायची सोयच नव्हती. महिनाअखेर ते आपलं आपणच संपणार. मुदत वाढवायची तर आधी जागं करायला हवं, आणि जागं केलं तर त्याचा पुढचा डबा दुकानाच्या पैशानं जाणार, मामांची आज्ञा मोडून. बरं, ते जाऊ दे, मामांचं ओरडणं खाता येईल... पण भावजींना काय वाटेल? रोज 'नाही' म्हणणारं कार्ड एके दिवशी 'हो' म्हणालं, तर तो दचकेल. म्हणेल, उपकार नको मला तुमचे. काढून टाकेल कार्ड. मग आदिती, तू बस रोज संध्याकाळी हात चोळत! तिनं 'कायमचे बंद करा'वर बोट ठेवलं. चौकट आली: ही क्रिया परत फिरवता येणार नाही. तिनं चौकट घालवली, पुन्हा आणली. पुन्हा घालवली. खाली दुकानात कुणी तरी अर्ध्या इंचाचा व्हॉल्व्ह मागत होतं.

शेवटी काहीच न करता ती घरी आली. ऊन समोरच्या घराच्या पत्र्यावर चढलं होतं. मामा पाटावर बसले होते, ताट वाढलेलं: भाकरी, मेथी, मुगाची आमटी, दह्याची वाटी. ताटाशेजारी पालथा ठेवलेला मोबाइल. तो नेहमीच असायचा तिथं. गुळाचे दर येतात मार्केट यार्डातून, त्यासाठी ठेवत असतील, असं तिला वाटायचं. अत्ती आमटी वाढत होत्या. आदिती हात धुऊन भाकरी आणायला वळली आणि फ्रिजवर ठेवलेला तिचा मोबाइल थरथरला.

त्याच क्षणी मामांचाही.

मामांनी तो उलटला नाही. भाकरीचा तुकडा मोडला होता, तो हातात तसाच राहिला. "आला," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

"मामा... तुम्हाला पण येतो?"

"पहिल्या दिवसापासनं येतोय."

मालक म्हणून त्यांचा नंबर तिनंच घातला होता, सगळं सुरू केलं तेव्हा. विसरून गेली होती. म्हणजे इतक्या संध्याकाळी ती वर गच्चीत आणि मामा इथं, पाटावर...

"बंद न्हाय केलंस न्हवं?"

"नाही मामा." आणि मग ते दुसरं उत्तर, जे आपल्यापाशी ठेवायचं असतं, ते बाहेर आलंच. "बंद केलं तर हेही कळायचं नाही. ते आहेत एवढं तरी कळतंय."

"तुला कळतंय. त्याला काय कळतंय?"

तिनं फ्रिजवरचा मोबाइल पालथा करून ठेवला.

"जेवायच्या वक्ताला त्याला न्हाय म्हणायचं," मामा भाकरीच्या तुकड्याकडं बघत म्हणाले. "मी एकदा म्हणलो. रागात म्हणलो. हे रोज म्हणतंय. माझ्या नावानं. मी हितं घास मोडायला बसलोय, आन तिकडं त्याच्या म्होरं रोज ताट उचलाय लागलोय."

"पण पैसे ते दुसरीकडून देतच असतील मामा. उपाशी नसतील राहत."

"पैशाचं कोण बोलतंय? न्हाय म्हणून घेऊन जेवल्यालं अन्न अंगाला लागतंय व्हय?"

मेथीचा वास, आमटीचा वास. बाहेर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, पुन्हा पुन्हा किक मारत होता. आदितीच्या तोंडून निघालं, "मग उघडू का मामा?"

हो म्हणायचं असतं तर मामा ताट उचललं त्या रात्रीच म्हणाले असते. "सकाळी बोललो ते बोललो," एवढं म्हणून उठले. ताटात अर्धी भाकरी तशीच. अन्नाचा कण मागं राहू नये म्हणून ताट धुऊन ते पाणी पिणारा हा माणूस, आणि अर्धी भाकरी टाकून उठला, हात धुतले, आतल्या खोलीत जाऊन सामायिकाला, ध्यानाला, बसला.

"कशाचं काय आलंय गं?" अत्तींनी विचारलं. पळी हातातच होती. "वृषभचं काय आलंय?"

मग तिला सांगावं लागलं. सगळं. डबा मागवतात भावजी, रोज, कार्ड नाकारतं, मग आपल्याला कळतं. आणि तिच्या दुपारच्या शोधाचं, घाईघाईनं, थोडा आनंद पुन्हा उसळला तसं: दिवस मावळायच्या आत मागवतात अत्ती, एकदासुद्धा चुकले नाहीत, पूर्वेला आहेत कुठं तरी, तिकडं लवकर मावळतो म्हणून...

अत्तींनी ते सगळं ऐकलं. रडल्या नाहीत. नकाशा, सूर्यास्त, त्यांनी कशालाच मान हलवली नाही. पळी पातेल्यात ठेवली आणि विचारलं, "काय मागिवतंय? काय खातंय, ते कळतंय का त्यात?"

"नाही अत्ती. ते नाही येत."

"बघ की नीट."

तिनं नीट बघितलं. बघायला काय होतं? ॲपचं नाव, वेळ, नाकारले. गच्चीत जाऊन पुन्हा बघितलं. ऊन पत्र्यावरून गेलं होतं, आकाशात उजेड तेवढा उरलेला. इतके महिने मी काय काय विचारलं ह्या मेसेजला... कुठं आहे, का आहे, वाऱ्यानं वाजतं की हातानं, पूर्व की पश्चिम. आणि हे नाही विचारलं. मला रोज आनंद होत होता, ज्या क्षणी त्याला नाही म्हटलं जात होतं त्याच क्षणी होत होता, आणि मामा खाली बसून... तिला रडू आलं. रडता रडताच तिनं बटण दाबलं, 'पुन्हा सुरू करा', आणि बटण दाबल्याचं तिला जरा वेळानंच लक्षात आलं.

आता उद्या काय होईल, देव जाणे. दचकतील. काढून टाकतील कार्ड. मग मेसेज येणार नाही, ना होचा ना नाहीचा, आणि अत्तींना काय सांगायचं? की येईल, आणि मामांचा मोबाइल ताटाशेजारी थरथरेल, आणि ते तो उलटतील का... तिनं पदरानं तोंड पुसलं. हे सगळं तिच्या डोक्यात येत होतं आणि चाललं होतं, थांबत नव्हतं. थांबलं ते भलतंच. तिकडं भाकरी मिळत नसेल. भातच असेल, रोज भात, आणि भावजींना रात्री भात नको असतो, कुरकुर करतात. ॲपवाल्यांना काय ठाऊक! कांदा घालत असतील. निवडून बाजूला काढत असतील का ते, की आता खात असतील तसंच... आणि मेथी? आत्ता थंडीची मेथी आहे, कुणी तरी करून घालत असेल का मेथी? आज काय आलं असेल त्यांच्या डब्यात?